शीव चालण्याचा पुरावा

सातपुड्यात, धडगावच्या पुढे एका पाड्यावर आम्ही दिवसभरात अकरा शेते मोजली. रात्री ती संगणकातल्या उपग्रह-चित्रावर चढवली, तर त्यातले एकही शेत जागेवर नव्हते. सगळी ईशान्येकडे सरकून समोरच्या डोंगरापलीकडे, भलत्याच नाल्यावर जाऊन बसली होती. शिवाय ती फुगली होती. ज्या शेताला कसणारा म्हातारा ‘दोन एकराला थोडे कमी’ म्हणत होता, ते पडद्यावर साडेपाच एकर भरत होते. बरोबरची दोन तरुण पोरे हसली. मला हसू आले नाही, कारण हाच कागद दोन दिवसांनी दाव्याला जोडून पुढे जायचा होता.

चूक आमचीच होती. हातातल्या जीपीएस यंत्राची केबल धडगावात राहिली होती, म्हणून पोरांनी प्रत्येक कोपऱ्यावरचे आकडे वहीत उतरवून घेतले होते. यंत्र अक्षांश दाखवत होते ‘२१ ४९.५००’ असा, म्हणजे २१ अंश आणि साडेएकोणपन्नास मिनिटे. रात्री आकडे भरताना आम्ही दशांशचिन्हापुढचा भाग सेकंद समजलो आणि ४९ मिनिटे ५० सेकंद असे लिहिले. अर्धे मिनिट म्हणजे ३० सेकंद. अक्षांशात २० सेकंदांची चूक झाली की जमिनीवर सहाशे मीटरहून जास्त फरक पडतो. आणि मिनिटाचे साठ भाग धरायचे तिथे शंभर धरल्यामुळे प्रत्येक शेत लांबीला आणि रुंदीलाही पावणेदोन पटीच्या आसपास ताणले गेले, क्षेत्रफळ जवळजवळ पावणेतीन पट झाले.

शेते फुगली हे आमचे नशीब म्हणायचे. नुसती सरकली असती तर चूक कदाचित कोणाच्या लक्षातही आली नसती. सरकलेल्या शेताचे क्षेत्रफळ बदलत नाही, आकार बदलत नाही. कागदावर एकर-गुंठे बरोबर येतात, फक्त जमीन दुसऱ्याची असते.

मुंबई इलाख्याच्या जमीनमोजणीच्या इतिहासावर मी काही वर्षे टिपणे काढत होतो. ‘मोजणीवर लिहिता, तर एकदा मोजायलाही या,’ असे तिथल्या कार्यकर्त्यांनी म्हटले आणि मी गेलो. २००६ चा वनहक्क कायदा अमलात आला होता. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसत असलेल्या आदिवासी कुटुंबाला, कसत असेल तेवढ्या आणि जास्तीत जास्त चार हेक्टर जमिनीवर हक्क मागता येत होता. या भागात अशा शेताला नेवाड म्हणतात. नेवाडाचा सातबारा नसतो. त्याची कागदावर कुठे खूण असलीच तर ती दंडाच्या पावतीत, वनखात्याच्या एखाद्या गुन्ह्याच्या नोंदीत. पुष्कळांनी त्या पावत्या चुलीवरच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या. एके काळी शिक्षा म्हणून हातात पडलेला कागद आता हक्काचा पुरावा होणार होता.

पण दंडाच्या पावतीत चतुःसीमा नसते. शेत नेमके कुठे, केवढे, हे दाखवायला नकाशा हवा. आणि या डोंगरांत नेवाडाचा नकाशा कधी झालाच नव्हता.

हे असे का झाले, याचे उत्तर मोजणीच्या इतिहासात आहे. आपल्याकडे मोजणी झाली ती वसुलीसाठी. सभासदाच्या बखरीत शिवकालीन मोजणीची काठी आहे: पाच हात पाच मुठींची, वीस काठ्या औरसचौरस म्हणजे बिघा, एकशेवीस बिघ्यांचा चावर. पुढे इंग्रजांनी साखळी आणली. ती ३३ फुटांची, तिचे १६ आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. आजही आपण जमिनीचा भाव गुंठ्यावर बोलतो, तेव्हा त्या लोखंडी साखळीचाच चौरस बोलत असतो.

या साखळीमागची पहिली मोठी फजिती पुणे जिल्ह्यातली. रॉबर्ट कीथ प्रिंगल या तरुण अधिकाऱ्याने १८२० च्या दशकाच्या अखेरीस इथे मोजणी सुरू केली. रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत त्याच्या डोक्यात होता. प्रत्येक शेताच्या निव्वळ उत्पन्नाचा बारीक हिशेब करायचा आणि त्यावर सारा बसवायचा. हिशेब इतके बारीक होते की ते करणाऱ्या हाताखालच्या माणसांवर देखरेख ठेवणे कोणाला शक्य नव्हते. लाच चालली, नोंदी खोट्या झाल्या, सारा झेपेना तेव्हा माणसे शेते टाकून शेजारच्या मुलखात निघून गेली. १८३५-३६ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरापासून नव्याने सुरुवात केली. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा नाद सोडला आणि साधी, तपासता येईल अशी पद्धत बसवली. १८४७ च्या संयुक्त अहवालात ती पक्की झाली. या पद्धतीचे मला सर्वांत मोलाचे वाटते ते टिपण. शेताच्या मधून एक मुख्य ओळ धरायची, शंकूने काटकोन साधत बांधाच्या प्रत्येक वळणापर्यंत अंतर मोजायचे आणि ते आकडे जागच्या जागी लिहायचे. टिपण हाती असले की शंभर वर्षांनीही दुसरा मोजणीदार तेच शेत पुन्हा जमिनीवर आखू शकतो. आणि चूक असेल तर कोणत्या पायरीवर झाली तेही शोधू शकतो.

सातपुड्याच्या आतल्या डोंगरांत ही साखळी वेळेवर पोचलीच नाही. सारा मिळण्यासारखा नव्हता, मग कोण चढणार? अक्राणीचा डोंगराळ मुलूख, अक्कलकुव्याकडच्या मेवासी जहागिऱ्या हे सगळे सुरुवातीच्या मोजणीबाहेर राहिले. तिथे आधी पोचले ते वनखाते. १८७८ च्या वनकायद्याने राखीव आणि संरक्षित जंगले ठरली, पुढे १९२७ चा कायदा आला. वनखात्याच्या नकाशावर कक्ष आहेत, कक्षांचे क्रमांक आहेत, डोंगराच्या धारेवरून आणि नाल्यावरून जाणाऱ्या त्यांच्या हद्दी आहेत. आतले शेत नाही. ते दाखवले असते तर तिथे शेत आहे असे मान्य करावे लागले असते.

मोजणी नव्हती, पण शीव होती. महाराष्ट्रात गावाच्या शिवेचा तंटा उभा राहिला की गावच्या वतनदार महाराची साक्ष निर्णायक मानली जाई. शीव त्याच्या पायाखालची, तो चालेल ती हद्द. दोन्ही गावांचे लोक बरोबर चालत आणि हरकत असेल तर तिथल्या तिथे घेत. मराठेशाहीतल्या निवाड्यांच्या कागदांत हे चालणे पुन्हा पुन्हा येते. चालणारा, बघणारे आणि हरकत घेऊ शकणारे अशी तिन्ही माणसे एका जागी असत, हे त्या पुराव्याचे बळ.

म्हणूनच पाड्यावरच्या पहिल्या सकाळी मला काहीतरी ओळखीचे वाटले. म्हातारा काठी टेकत पुढे, हातात यंत्र धरलेला पोरगा मागे, त्यामागे वनहक्क समितीचे दोघे आणि शेजारच्या शेताचा धनी. कोपरा आला की म्हातारा थांबे. इथे सागाचे खोड आहे, इथून भावाचे, हा दगड बापाने लावलेला. सामाईक बांधावर शेजाऱ्याने त्याला अडवले. दोघे पावरीत बराच वेळ बोलले, एकदा आवाज चढले, मग शेजारी चार पावले मागे सरकला आणि चालणे पुन्हा सुरू झाले. यंत्र तेवढा वेळ चालूच होते.

केबल आल्यावर आम्ही वहीतले आकडे टाकून दिले आणि यंत्रातली चालीची नोंद थेट संगणकात घेतली. त्या नोंदीत या बांधावर एक गुंता दिसला. माणूस स्थिर उभा असला तरी जीपीएसचे बिंदू काही मीटरच्या परिघात भरकटत राहतात, आणि झाडाखाली जास्तच. दोघे भांडत होते तिथे बिंदूंचा पुंजका झाला होता. मी क्यूजीआयएस या नकाशाच्या मोफत प्रणालीत तो पुंजका पुसला आणि रेघ सरळ केली. नकाशा नीटनेटका झाला. दुसऱ्या दिवशी समितीतल्या एकाने विचारले, ‘इथे ते दोघे थांबले होते, ते कुठे आहे?’ तेव्हापासून मूळ नोंद जशीच्या तशी वेगळी ठेवायची आणि सरळ केलेली रेघ दुसऱ्या थरावर काढायची, असा नेम केला. माझ्या रेघेपेक्षा तो गुंताच टिपणाच्या जास्त जवळचा होता.

आता त्या सरकण्याकडे परत येतो, कारण मिनिट-सेकंदांचा गोंधळ निस्तरल्यावरही शेते पुन्हा एकदा सरकली. या वेळी आमच्याकडे भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या नकाशाची स्कॅन केलेली प्रत होती. नाले आणि डोंगरधारा त्यावर स्पष्ट होत्या, म्हणून आम्ही तिच्यावर शेते ठेवली. सगळी शंभर मीटरच्या आसपास वायव्येला गेली. क्षेत्रफळ बरोबर, आकार बरोबर, फक्त उतारावरचे शेत दरीच्या काठावर आणि काही शेते शेजारच्या कक्षात.

याचे कारण १८३० सालचे आहे. अक्षांश-रेखांश सांगायचे तर आधी पृथ्वीचा आकार गृहीत धरावा लागतो. ती पूर्ण गोल नाही, ध्रुवांकडे किंचित चपटी आहे. पण किती चपटी? जॉर्ज एव्हरेस्टने भारतातल्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या मोजमापांवरून एक आकार ठरवला आणि मध्य भारतातल्या कल्याणपूरला मूळ धरून सगळे जाळे त्यावर बसवले. तो आकार भारतीय उपखंडाच्या भूमीला छान बसतो. उपग्रहांना मात्र सगळ्या पृथ्वीला बसणारा आकार लागतो. जीपीएस वापरते तो डब्ल्यूजीएस ८४. दोन्ही आकारांचे केंद्रबिंदू एका जागी नाहीत, त्यामुळे एकाच दगडाला दोन नकाशांवर वेगवेगळे अक्षांश-रेखांश येतात. धडगावकडे हा फरक शंभर मीटरच्या आसपास, गडचिरोलीकडे दोनशेच्या जवळ जातो. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर सर्वसामान्यांसाठीचे नवे नकाशे डब्ल्यूजीएस ८४ वर येऊ लागले. पण तालुक्याच्या कपाटात असतात ते जुनेच, आणि कक्षांच्या हद्दी त्याच जुन्या पायावर काढलेल्या. संगणकाला हा नकाशा एव्हरेस्टचा आहे असे सांगितले की तो क्षणात हिशेब करून शेत जागेवर आणतो. न सांगितले तर चूक दाखवत नाही. साखळीची कडी तुटली तर मोजणीदाराच्या हाताला कळे. इथे कळायला काही मार्ग नाही.

मी हे लिहितो आहे ते यंत्रांवर राग म्हणून नव्हे. सन २००० पर्यंत तर असे हातातले यंत्र असूनही नसल्यासारखे होते. अमेरिकी लष्कर नागरी संकेतात मुद्दाम अस्थिरता घालत असे, त्यामुळे शंभर मीटरपर्यंत चूक येई. त्या वर्षीच्या मे महिन्यात ती बंद झाली आणि साध्या यंत्राची अचूकता पाच-दहा मीटरवर आली. २००५ मध्ये गूगल अर्थ आले आणि हवाई छायाचित्रे, जी पूर्वी संरक्षण खात्याच्या परवानगीशिवाय बघायला मिळत नसत, तशीच दृश्ये कोणाच्याही पडद्यावर आली. गुजरातेत, सातपुड्याच्याच पलीकडच्या बाजूला नर्मदा जिल्ह्यात, आर्च-वाहिनी या संस्थेने गावकऱ्यांबरोबर हजारो नेवाडे जीपीएसने मोजून ती उपग्रह-चित्रांवर बसवली. आम्ही त्यांच्याच वाटेने चाललो होतो.

मात्र चित्र जेव्हा चालणाऱ्याला बाजूला सारून एकटेच साक्षीला उभे राहते, तेव्हा ते काय बघू शकते याचा हिशेब मांडावा लागतो. दाव्यांच्या पडताळणीत त्या काळी मिळणाऱ्या भारतीय उपग्रह-चित्रांत एका प्रकारात चित्राचा सर्वांत लहान ठिपका साडेतेवीस मीटरचा असे. तो एक ठिपका म्हणजे जवळपास साडेपाच गुंठे. एक एकराचे नेवाड त्यात जेमतेम सात ठिपक्यांचे, आणि त्यातले बहुतेक बांधावरचे, म्हणजे अर्धे शेत आणि अर्धे जंगल. ठिपक्याला एकच रंग असतो. त्यात मोहाचे एखादे मोठे झाड आले की तो ठिपका जंगलात जमा. इथला माणूस शेत काढताना मोह तोडत नाही. फुले वेचायची, तेल गाळायचे, उन्हाळ्याचे दोन महिने त्यावर निघतात. म्हणजे जो झाडे राखून शेती करतो त्याचे शेत चित्रात दिसत नाही आणि ज्याने डोंगर उघडा केला त्याचे स्वच्छ दिसते. या उफराट्या न्यायाची मला अजून चीड येते.

साधारण पाच मीटर ठिपक्याची आणि त्याहून बारीक चित्रेही असतात. पण डोंगरात तीही तिरपी घेतलेली असतील तर धारेवरची जमीन दहा-वीस मीटर कलते. आम्ही शाळेच्या पत्र्याचा कोपरा, रस्त्याचे वळण आणि बंधाऱ्याची भिंत अशा तीन जागी यंत्र धरून चित्र किती सरकले आहे ते मोजले आणि तो आकडा नकाशाच्या पायथ्याशी लिहिला. उताराचेही तसेच. पंचवीस अंशांच्या उतारावर पायांनी भरते त्यापेक्षा नकाशात क्षेत्र नऊ टक्के कमी येते. म्हातारा दोन एकराला थोडे कमी म्हणाला होता. दुरुस्त नकाशातही शेत दोन एकराच्या आतच आले. त्याचा अंदाज पेरलेल्या दाण्यांवरून होता.

नियमांत हे सगळे आहे. २००८ च्या नियमांत उपग्रह-चित्र हा अनेक पुराव्यांपैकी एक आहे. वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदन, बांध-सपाटीकरणासारख्या जमिनीवरच्या खुणा हेही त्याच यादीत आहेत. २०१२ च्या दुरुस्तीने तर स्पष्ट केले की असे तंत्रज्ञान इतर पुराव्यांना पूरक असेल, त्यांची जागा घेणार नाही. २०१३ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने केवळ उपग्रह-चित्रांच्या आधारे फेटाळलेल्या दाव्यांची फेरतपासणी करायला सांगितले. तरीही फेब्रुवारी २०१९ मध्ये दावे फेटाळलेल्यांना जमिनीवरून हटवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयातून आला तेव्हा त्यातच उपग्रह-सर्वेक्षण करण्याचेही निर्देश होते. दोन आठवड्यांत त्या आदेशाला स्थगिती मिळाली. त्याच्या आदल्या वर्षीच नाशिकहून मुंबईपर्यंत चालत आलेल्या शेतकऱ्यांच्या मागण्यांत वनहक्काची मागणी ठळक होती.

म्हाताऱ्याच्या दाव्याचे सांगतो. त्याच्या शेताचे एक बारीक, स्वच्छ चित्र एका कार्यालयातून मिळाले होते, पण त्यावर तारीख नव्हती. डिसेंबर २००५ च्या आधीचे असेल तर उत्तम, नंतरचे असेल तर काही उपयोग नाही. गूगल अर्थच्या जुन्या चित्रांत शोधले. तिथे त्या डोंगराचे तेव्हाचे नीट चित्र नव्हते. आम्ही त्या कागदावर शेताची रेघ छापून म्हाताऱ्याला दाखवला. त्याने कागद हातात घेऊन दोनदा फिरवला, नाला खालच्या अंगाला आणला आणि शेतातल्या काळ्या गोल ठिपक्यांवर बोट ठेवत मोजू लागला. ते मोह होते. आठ भरले. ‘बाबा, शेतात तर सात आहेत,’ पोरगा म्हणाला. म्हाताऱ्याने वरच्या बांधाजवळच्या ठिपक्यावर बोट टेकवले आणि पावरीत काही सांगितले. पोराने मराठी करून सांगितले: हा आठवा पडला. सुरतेत पूर आला होता त्या पावसात. थोरला पोरगा तेव्हा सुरतेतच अडकला होता, म्हणून लक्षात आहे.

सुरतेचा महापूर ऑगस्ट २००६ चा. म्हणजे चित्र त्याच्या आधीचे. तरी मधले आठ महिने उरत होते. मग समितीतल्या एकाने त्याच चित्रात शेताच्या कडेला दिसणारे दोन फिकट गोल दाखवले. कडब्याच्या गंजी. शेतही कापून मोकळे झालेले. या डोंगरात पाण्याची सोय नाही, पीक पावसाचेच. २००६ च्या पावसाआधीच्या चित्रात ज्वारीचा कडबा उभा असेल, तर ती ज्वारी उशिरात उशिरा २००५ च्या पावसाच्या सुरुवातीला पेरलेली असली पाहिजे.

त्या रात्री ग्रामसभेच्या वहीत हे सगळे क्रमाने लिहिले: चालीची मूळ नोंद, तिच्यातला बांधावरचा गुंता आणि तिथे काय ठरले ते, चित्र किती मीटर सरकले होते तो आकडा, आठवा मोह, सुरतेचा पूर, कडब्याच्या गंजी. खाली दोन वडीलधाऱ्यांनी अंगठे उमटवले आणि शेजारच्या शेताच्या धन्याने सही केली. वही आणि नकाशा घेऊन समितीचे लोक सकाळच्या पहिल्या जीपने धडगावला गेले.